ड्रॅगनचे डोळे कोणी काढले

फान काकांची नक्कल करायची तर आधी खांदे पाडायचे. मग चष्मा कपाळावर, दोन बोटं मिटल्या डोळ्यांवर, आणि एकच वाक्य, "मी फक्त शाळा चालवतो." झाली नक्कल! अमेरिकेतल्या कॅरी गावात, आमच्या गल्लीत ती न ओळखणारं एकही घर नाही.

फान काका आमचे शेजारी. आठवडाभर औषध कंपनीत आकडेमोड करायची आणि रविवारी चर्चच्या भाड्याच्या खोल्यांत चिनी शाळा. चिनी माणूस काका कसा, तर आमच्या आईच्या राज्यात चाळिशीपुढचा प्रत्येक पुरुष काकाच असतो. शाळेच्या नववर्षाच्या कार्यक्रमात ड्रॅगन नाचायचा. त्याला मुलं कमी पडायची, म्हणून मी त्याची शेपूट. शेपटीला सगळं ऐकू येतं, कारण तिच्याकडे कोणी बघत नसतं.

आमचा ड्रॅगन घरगुती. धड बेडशीटचं, डोकं कपड्यांच्या बास्केटचं. ते श्यू मावशींनी केलेलं. मावशी तैवानच्या, काका चीनचे. त्या ढोल वाजवायच्या, हे शिट्टी मारायचे, आणि राजकारणाचा विषय निघाला की दोघंही घाईघाईने मुलांच्या होमवर्कबद्दल बोलायला लागायचे.

२००८च्या जानेवारीत चीनच्या वकिलातीतले एक गृहस्थ आले. आवाज मधात बुडवून काढलेला. "फानसाहेब, नुसत्या गप्पा मारायला आलो. आणि हो, मुलांसाठी छोटीशी भेट." खोक्यातून निघाला खराखुरा रेशमी ड्रॅगन, सोनेरी खवल्यांचा. आईबाप "वॉव" करत कॅमेरे काढून धावले. गृहस्थ काकांच्या जवळ सरकले. "तुमचे वडील मजेत आहेत. आमच्या लोकांनी परवाच संत्री पोचवली त्यांना. एकटे राहतात ना? काळजी नको. आमचं लक्ष आहे."

काकांचे खांदे आणखी इंचभर खाली गेले. हा संवाद रात्री फान काकूंनी आईला इंग्लिशमध्ये सांगितला आणि मी लगेच आवाजासकट पाठ करून टाकला.

भेटीबरोबर एक मान द्यायचा होता. नव्या ड्रॅगनचे डोळे कोरे असतात. मानाच्या माणसाने ब्रश लाल रंगात बुडवून बुबुळं काढली की तो जिवंत होतो, त्याआधी त्याला नाचवत नाहीत. बाबा म्हणाले, "म्हणजे आपली प्राणप्रतिष्ठाच की!" तीच. आणि ती हे गृहस्थ करणार होते. स्टेजवर, मागे त्यांचा झेंडा, समोर फोटोग्राफर.

श्यू मावशींनी प्रॅक्टिसला ढोल आणलाच नाही. "तो माणूस ब्रश धरणार असेल तर मी येत नाही, लाओ फान. तुझ्यावर राग नाही. पण माझी पोरं कुणाच्या फोटोत उभी करायची नाहीत मला." मुलांना मावशींच्याच ठेक्यावर पाय टाकता यायचे. ढोल गेला म्हणजे नाच गेला, आणि कदाचित तैवानवाली अर्धी शाळाही. गृहस्थांना नाही म्हणावं, तर तिकडे काकांच्या वडिलांकडे पुढच्या वेळी संत्र्यांऐवजी काय पोचेल?

त्याच आठवड्यात एक अमेरिकन सरकारी माणूस काकांच्या पोर्चवर येऊन बसला. मी आमच्या पोर्चवर. "हे बघ बडी, नुसत्या गप्पा! तू चांगला अमेरिकन आहेस. ते लोक काय बोलतात, तेवढं आमच्या कानावर घालत जा." मधवाल्याचा आवाज नाकातून, याचा पोटातून. वाक्यं मात्र एकाच दुकानातली. दोघांनाही उत्तर एकच मिळालं, "मी फक्त शाळा चालवतो."

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरलेला. मावशी दाराशी उभ्या, ढोल गाडीत. गृहस्थांनी ब्रश हातात घेतला, ड्रॅगनवरचं कापड निघालं, आणि डोळे आधीच काढलेले! लालभडक, डावा उजव्यापेक्षा मोठा.

"हे कोणी केलं?"

"मी," काका म्हणाले. "रंग द्यायचा राहिलाय असं वाटलं. दुरुस्त केलं."

"फानसाहेब, तुम्हाला प्रथा माहीत नाही?"

"नव्हती."

हॉल फुटला हसून. पुढच्या रांगेतल्या आजी ओरडल्या, "अरे, याला कोणी हेडमास्तर केलं? याचंच नाव पहिलीत घाला!" डोळे दुसऱ्यांदा काढायचे नसतात, तो अपशकुन. गृहस्थांनी ब्रश खिशात घातला, चार शब्द बोलले, आणि त्यातला मध बराच पातळ झाला होता. मावशी गाडीतून ढोल घेऊन आल्या. पडद्यामागे त्यांनी काकांचा अंगठा पाहिला. नखाच्या कडेला काकूंचं लाल नेलपॉलिश.

"लाओ फान, तुला खोटं अजिबात बोलता येत नाही."

"म्हणून थोडंच बोललो."

दोन दिवसांनी पोर्चवाला परत. "त्यांचा ड्रॅगन तूच जिवंत केलास म्हणे? तू नक्की कुणाच्या बाजूचा, बडी?" उत्तर तुम्हाला माहीत आहे.

रविवारी मी काकूंचं पातेलं परत द्यायला गेले, तर काका फोनवर. पलीकडे वडील. संत्रीवाले त्यांच्याकडे जाऊन हळहळले होते, की मुलगा अमेरिकेत जाऊन साधी रीतही विसरला. फोनमधून म्हातारा इतका ओरडत होता की मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. काकू कानात इंग्लिश करून सांगत होत्या. गावच्या ड्रॅगनचे डोळे काढायचा मान यांच्या घराचा. सहा वर्षांच्या फान काकांना कडेवर घेऊन, हात धरून, वडिलांनी ते त्यांच्याकडून काढवून घेतले होते. "तुझ्या हाताने! आठवत नाही?"

काकांनी रिसीव्हरकडे पाहिलं. त्या तारेवर आणखी कोण कान लावून बसलंय, कुणाला ठाऊक.

"विसरलो, बाबा."

पलीकडून आणखी काहीतरी आलं. काकूंनी ते इंग्लिश केलं नाही.

"हो. विसरलो."

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "त्या वकिलातवाल्याची नक्कल कर ना. सगळे म्हणतात, छान करतेस. हसायचंय मला."

मी केली. मान तिरकी, हात छातीवर, "काळजी नको, आमचं लक्ष आहे," सगळा मध ओतून. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि दोन बोटं डोळ्यांवर ठेवली. खांदे हलत होते.

"हसतोय," काकू म्हणाल्या, आणि पातेलं माझ्या हातून घेतलं.