माझ्या वाटणीची गोधडी

माझ्या लग्नात आईने मला वाघ दिला. लाल मखमली ब्लँकेटवर छापलेला, जबडा उघडा, डोळे पिवळे. तीन वर्षांनी धाकट्या बहिणीचं लग्न झालं, तेव्हा तिला मात्र आईने स्वतः शिवलेली गोधडी दिली. वेल्ह्याकडच्या आमच्या गावात मुलगी सासरी निघाली की आईच्या हातची गोधडी तिच्याबरोबर जाते. माझ्याबरोबर वाघ आला. असं का, हे मी तेव्हाच विचारलं असतं तर प्रकरण पाच मिनिटांत मिटलं असतं. पण मी विचारलं नाही. इतर बायका लोणचं मुरवतात, मी भांडण मुरवते. हे मी पंचवीस वर्षं मुरवलं.

भोरला माझं भांड्यांचं दुकान आहे. आठवडी बाजारात पोत्यावर चार पातेली मांडून सुरुवात केली, आता काचेचं दार आहे. घासाघिशीत मला कोणी हरवलेलं नाही, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगते. राग नाकावर असतो. गिऱ्हाईक म्हणालं की पलीकडच्या दुकानात स्वस्त मिळतं, की मी त्याच्या हातातलं पातेलं काढून घेते आणि पलीकडचं दुकान बोटाने दाखवते. नवरा त्या वेळी गोदामात काहीतरी शोधायला जातो.

हा धंदा माझ्या हाती कसा आला, त्याची एक गोष्ट मी नेहमी सांगायची. मी नववीत होते. आई भाताच्या लावणीला शेतावर गेली होती आणि दारात बोहारीण आली, जुने कपडे घेऊन भांडी देणारी. तिच्या पाटीत झाकणाचा एक उंच स्टीलचा डबा होता. आमच्या घरात तेव्हा सगळे डबे पत्र्याचे. मी माळ्यावर चढले, जुन्या लुगड्यांचं एक गाठोडं होतं ते खाली ओढलं आणि तासभर तिच्याशी वाद घातला. ती दोनदा उठून गेली, दोनदा परत आली. शेवटी डबा घेतला आणि वर एक पळीही उकळली. आई संध्याकाळी चिखलाच्या पायांनी आली, तिने डबा पाहिला, झाकण लावून पाहिलं, आणि म्हणाली, "चांगला हाय." मी तो डबा घेऊन गावभर फिरले.

पुढे बचत गटाच्या एका कार्यक्रमात माझा सत्कार झाला, तेव्हाही मी माइक धरून हीच गोष्ट सांगितली. बोहारणीची नक्कलसुद्धा करून दाखवली. बायका हसून हसून लोळल्या. आई पहिल्या रांगेत बसली होती. तीही हसत होती, असं मला वाटलं.

गेल्या हिवाळ्यात किकवीला धाकटीच्या घरी पूजा होती. जेवणं झाल्यावर दुपारी बहिणीने मला आतल्या खोलीत आडवं व्हायला सांगितलं आणि अंगावर घ्यायला ती गोधडी दिली. इतक्या वर्षांत मी तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. पाहायचं नाही असं ठरवलंच होतं. पण अंगावरच आल्यावर काय करणार? धुऊन धुऊन मऊ झालेली, वजनाला मात्र चांगली जड. आईचा धावदोरा इतका बारीक की दोन टाक्यांमध्ये तांदळाचा दाणा आडवा मावणार नाही. हे वडिलांच्या पटक्याचं कापड, हा आईच्या हिरव्या चोळीचा तुकडा, असं ओळखत मी कडेपर्यंत आले आणि उठून बसले. कडेला निळा चौकोन होता. त्यावर शाईचा डाग. तो माझ्या शाळेच्या स्कर्टचा होता. डाग मीच पाडला होता आणि त्यासाठी मारही मीच खाल्ला होता.

म्हणजे गोधडी मला नाही ती नाहीच, वर माझा स्कर्टही हिच्या गोधडीत!

पुढचं मी शांतपणे केलं असं मला लिहायला आवडलं असतं. मी गोधडीची घडी घातली, खांद्यावर टाकली आणि चप्पल शोधू लागले. बहीण चहाचा कप घेऊन आली. तिला सगळं कळलं असावं, कारण तिने कप खाली ठेवला आणि पदर खोचला. "आक्का, थांब. एकटी गेलीस तर आईला बोलूच देणार न्हाईस."

चेलाडीच्या फाट्यापर्यंत एसटी मिळाली. तिथे वेल्ह्याच्या गाडीची वाट पाहत उभ्या होतो, तर एका माणसाने माझ्या खांद्यावरची गोधडी चाचपली. पानशेतला त्याचं हॉटेल होतं, पुण्याची माणसं असल्या गोधड्या मागतात म्हणाला. विकायची आहे का? मी रागाने लाल झालेली, आईला काय काय सुनवायचं ते मनात घोकत होते. तरी सवयीने माझ्या तोंडून निघालं, "किती देता?"

बहिणीने माझ्याकडे असं पाहिलं की मी गोधडी मुकाट्याने दुसऱ्या खांद्यावर घेतली.

आई अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत होती. आम्हाला पाहून तिने सूप बाजूला सारलं. मी गोधडी तिच्यापुढे टाकली, निळ्या चौकोनावर बोट ठेवलं आणि पंचवीस वर्षांचं सगळं एका दमात बाहेर काढलं. वाघ काढला, धाकटीचे लाड काढले, मी थोरली असून पहिली गोधडी हिला कशी गेली ते विचारलं. शेजारच्या काकी कामाचं निमित्त करून कुंपणापाशी आल्या. शेवटी मी म्हणाले की आता ही गोधडी मी घेऊन जाणार, नाहीतर माझा स्कर्ट कापून घेणार. बहिणीने खरोखरच घरातून कात्री आणून माझ्या हातात दिली. मी कात्री धरून उभी राहिले. त्या टाक्यांत कात्रीचं टोकही शिरलं नसतं.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग हातातली शेंग सोलून संपवली आणि म्हणाली, "तुझी गोधडी तूच दिलीस की बोहारणीला."

मला कळायला थोडा वेळ लागला. कुंपणापाशी उभ्या काकींना माझ्या आधी कळलं.

त्या गाठोड्यात माझ्या आजीची दोन लुगडी होती आणि आईचं एक. अंगावर झिजून झिजून सायीसारखी झालेली. थोरलीच्या गोधडीला पोटात घालायला आईने ती सहा वर्षं जपून ठेवली होती. गोधडीचं वरचं कापड कसलंही चालतं, आतलं मऊच लागतं, आणि मऊ कापड बाजारात मिळत नाही. ते कोणीतरी आधी नेसून झिजवावं लागतं. आईने पुन्हा जमवायला सुरुवात केली, पण पुरेसं जमायच्या आत माझं लग्न ठरलं. म्हणून वाघ. नंतर जमलेलं धाकटीच्या वाट्याला गेलं.

"मग त्या दिवशी बोलली का न्हाईस?" मी विचारलं.

"काय बोलू? तू येवढी खूश हुतीस. माझ्या हातात पळी दिलीस आणि म्हनालीस, ही फुकट मिळवली."

धाकटी हसू दाबत होती. मी तिला गप्प बस म्हणाले, आणि मग मलाच हसू आलं. वेल्हे तालुक्यातली सगळ्यात हुशार पोरगी आपली गोधडी देऊन डबा घेऊन आली होती, आणि पुढे माइकवरून गावोगाव ते सांगत होती. पहिल्या रांगेत बसून आई काय म्हणून हसत होती ते मला आता समजलं.

पण मी हार मानणाऱ्यांतली नाही. मी म्हणाले, मला गोधडी पाहिजे, तुझ्याच हातची. आई म्हणाली, डोळ्यांना सुईचं नेढं दिसत नाही, आणि कापड कुठंय? तू तर सगळी नायलॉनची नेसतेस. कापड मी आणते, सुया मी ओवते, असं मी बोलून बसले.

भोरला आल्यावर मी दुकानाच्या काचेवर कागद लावला: जुनी सुती लुगडी द्या, नवं भांडं घ्या. म्हणजे मीच बोहारीण झाले. पहिल्याच दिवशी एक म्हातारी आली, गरज कोणाला आहे ते तिने दारातूनच ओळखलं. लुगडं उलगडून मला एक टोक दाखवायची आणि परत घडी करायची. दोनदा उठून गेली. दोनदा मीच तिला हाक मारली. शेवटी एका लुगड्यावर ती मोठी कळशी घेऊन गेली आणि जाताना शेल्फकडे बोट करून म्हणाली, "बाई, ती पळी बी टाका." मी टाकली. नवरा त्या दिवशी गोदामात गेला नाही. बाहेरच उभा राहून सगळं पाहत होता.

चार लुगडी जमली. आईने ती ओसरीवर एकावर एक अंथरली, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि शिवायला बसली. दर रविवारी मी दुकान बंद करून जायची आणि आठवडाभर पुरतील इतक्या सुया ओवून एका जुन्या उशीत टोचून ठेवायची. मला वाटलं होतं दहा मिनिटांचं काम. पहिल्या रविवारी माझी अर्धी दुपार गेली, आणि तिसऱ्या रविवारी मी गुपचूप चष्म्याचा नंबर काढून आले. आईचे टाके आता पूर्वीसारखे बारीक नाहीत. वाकडे जातात, मध्येच मोठे होतात. मी एकदा ओठावर आलेलं गिळलं. दुकानात मी असा माल दारातूनच परत पाठवते.

महाशिवरात्रीच्या आसपास गोधडी झाली, फक्त एक कोपरा उघडा राहिला. आमच्याकडे शेवटचा कोपरा मिटायच्या आधी आत भाकरीचा घास ठेवतात. गोधडी उपाशी राहिली तर अंगावर घेणाराही उपाशी राहतो, असं मानतात. हा घास घेणाऱ्याच्या घरचा हवा, आई म्हणाली. मी दुकानात असते, आमच्याकडे भाकऱ्या खानावळीतून येतात. पुढच्या रविवारी मी त्यातलीच एक नेली. आईने भाकरी हातात घेऊन उलटी केली, कडेला बोट लावलं आणि शेळीपुढे टाकली.

त्यानंतरच्या रविवारी मी पहाटे उठून स्वतः थापली. कडा फाटल्या, एका बाजूने जळली. आईने ती बराच वेळ पाहिली. मी मनात घासाघिशीची तयारी करत होते. पण तिने जळलेला भाग सोडून एक घास मोडला, कोपऱ्यात सरकवला आणि सुई मागितली. मी ओवून दिली.

ती गोधडी आता माझ्या अंगावर असते. वाघ दुकानात गेलाय, काचेची भांडी गुंडाळायला. मला मात्र एक गोष्ट अजून खटकते. तो निळा चौकोन किकवीलाच आहे. धाकटीला मी सांगून ठेवलंय की त्याबद्दलचं बोलणं अजून संपलेलं नाही.