विमानाची पूजा

काल गेट रंगवणाऱ्याने थिनरचा डबा उघडला आणि त्या वासाने मला लातूरच्या घरातला एक दसरा आठवला. पायलटच्या भरतीत डोळ्यांमुळे नापास झालेला माझा मुलगा तेव्हा प्लास्टिकचं लढाऊ विमान जोडत होता. पायलटच्या पुढ्यातली मोहरीएवढी घड्याळं त्याने सुईच्या टोकाने रंगवली होती. माझ्या मालकांनी, म्हणजे त्याच्या बापाने, ते विमान विळ्या-कुऱ्हाडीसोबत पूजेला मांडलं, नेमकं त्या घड्याळांवर हळदकुंकू वाहिलं आणि वरून पाणी शिंपडलं. सगळा लाल चिखल झाला.

"बाबा, काचेचं झाकण लावायचं राहिलं होतं."

"खेळण्याला कशाचं झाकण? हात जोड चष्मेवाल्या, देवी नोकरी लावंल."

त्याने मुकाट हात जोडले. मला पोरगं शहाणं वाटलं. त्या दिवसापासून त्याने बापाला मनातलं सांगणं बंद केलं, हे आता कळतं. बाप मरेपर्यंत दोघं पावसापाण्याचंच बोलत राहिले.