जगलीवरून ऐकलेली सभा

आमच्या लोकांत लग्न न झालेल्याला सभेत तोंड नसे. असं कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. तीनशे वर्षांपूर्वी मराठी मुलखातून घोड्यांवर बसून जे पूर्वज बेंगळुरात आले, त्यांच्याबरोबर ही रीतही आली असावी. घोडे गेले, रीत राहिली. बसवनगुडीत आमच्या समाजाची एक बैठी इमारत होती. सभा आत भरायची आणि आम्ही बिनलग्नाच्यांनी बाहेरच्या जगलीवर, दगडी ओट्यावर, बसून खिडकीतून ऐकायचं. काही सांगायचंच असेल तर एखाद्या वडीलधाऱ्याला आधी गाठून ठेवायचं. तो आपल्या वतीनं उभा राहायचा आणि पहिलं वाक्य ठरलेलंच म्हणायचा, "थोरांचा शब्द तोच आमचा शब्द." मग थांबायचा. अध्यक्ष म्हणायचे, "बोला." त्यानंतर खरं गाऱ्हाणं. ते पहिलं वाक्य म्हणजे घरात शिरण्याआधी पाय धुणं होतं. त्याचा अर्थ कुणी लावत नसे.

इमारतीच्या मागे एक चिंच होती आणि बरीचशी मोकळी जागा. तिथं आमचं बॉल बॅडमिंटनचं कोर्ट. लोकरीचा पिवळा चेंडू, एका बाजूला पाच जण, सुरूचे दोन खांब, मध्ये जाळी आणि चुन्याच्या रेघा. पन्नासच्या त्या दशकात बेंगळुरात गल्लोगल्ली हा खेळ चालायचा. संध्याकाळ मुलग्यांनी बळकावलेली, म्हणून आम्ही मुली सकाळी खेळायचो, परकर खोचून. मल्लेश्वरमच्या मुली रविवारी खास आमच्याशी खेळायला येत आणि हरून जात.

आमची कप्तान माझी सख्खी अक्का होती. घरात तिचा आवाज भिंतींनाही ठाऊक नव्हता. अण्णांसमोर, म्हणजे वडिलांसमोर, ती पाणीसुद्धा खुणेनं मागायची. कोर्टावर मात्र चेंडू रेघेबाहेर निघाला की "बिडू! सोड!" अशी ओरडायची की चिंचेवरचे कावळे उडत. मला खरी अक्का तीच वाटायची, कोर्टावरची. घरातली कुणी दुसरीच होती, तिच्या चेहऱ्याची.

मग समाजानं ठरवायला घेतलं की मागच्या जागेत कल्याण मंटप बांधायचा. आमच्या पोरींची लग्नं दुसऱ्यांच्या हॉलात किती दिवस लावायची, असं सगळे म्हणू लागले. त्यात चूक काही नव्हतं. पण कोर्टाचं काय, हे खेळणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. विचारणार कसे? आम्ही जगलीवरचे.

अक्कानं एका सकाळी खेळ थांबवला आणि आम्हाला दोऱ्या धरायला लावल्या. चिंचेपासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून विहिरीपर्यंत, सगळी जागा मोजली. हॉल चिंचेच्या अंगाला सरकवला तर कोर्ट शाबूत राहत होतं. इतकंच सांगायचं होतं. मंटप नको असं नाही, स्वल्प सरकवा.

तोंड म्हणून आम्ही मामांना धरलं, आईच्या भावाला. माणूस लोण्याहून मऊ. अक्कानं त्यांच्याकडून सगळं पाठ करून घेतलं, शाळेतल्या पोराकडून घ्यावं तसं. मामा म्हणाले, "काळजी नको करू मुली, मी सांगतो की."

सभा रविवारी दिवेलागणीला होती. अध्यक्ष नवे होते. जन्मभर सरकारी बदल्यांवर मुलूख फिरून नुकते परतलेले, घड्याळाचे भक्त. मंटपाचा विषय निघाला तसे मामा उठले. उपरणं सारखं केलं. "जगलीवरच्या मुलींच्या वतीनं उभा आहे," म्हणाले. "थोरांचा शब्द तोच आमचा शब्द." आणि रीतीप्रमाणे थांबले.

अध्यक्ष म्हणाले, "छान. म्हणजे मुलींची संमती आहे. सरी. पुढचा विषय."

ते रीत विसरले होते की विसरल्यासारखं केलं, देव जाणे. मी इतकी वर्षं या प्रश्नावर चिडत आले आहे आणि उत्तर मिळालेलं नाही. मामा उभेच होते, तोंड अर्धं उघडं. अध्यक्षांनी "सरी", म्हणजे ठीक, म्हटल्यावर पुढे बोलणं म्हणजे थोरांचा अपमान. हे मामांना कळत होतं आणि आत बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. ते हळूच खाली बसले.

तेव्हा अक्का जगलीवरून उठली आणि उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. "मामा," ती म्हणाली, "तुम्ही अजून सांगितलंच नाही की."

कोर्टावरचाच आवाज होता तो. आतली एकूण एक मान वळली. कुणी रागावलं नाही, कुणी गप्प बस म्हणालं नाही. सगळे नुसते तिच्याकडे बघत राहिले, भलत्या वेळी भलत्या घरी आलेल्या माणसाकडे बघावं तसे. चिंचेकडे सरकवा, एवढे दोनच शब्द तिला हवे होते. मी मनात ते म्हणत होते. पण अण्णा तिच्याकडे न बघता म्हणाले, "धाकटीला घेऊन घरी जा." आणि अक्का वळली. वाटेत ती रडली नाही. मी रडले.

पोरीला तोंड फुटलं, असं आठवड्याभरात बसवनगुडीतल्या आमच्या सगळ्या घरांत झालं. तोंड फुटलेल्या पोरीवर आमच्याकडे एकच औषध होतं. अण्णा दुष्ट नव्हते. घाबरले होते, आणि घाबरलेला बाप स्थळं बघतो. के. आर. पुरमला रेल्वेत नोकरी करणारा मुलगा मिळाला. तिकडे मंटपाच्या भिंती उठत होत्या, इकडे घरात पापड लाटले जात होते. मंटप आधी पुरा झाला, आणि त्यातलं पहिलं लग्न माझ्या अक्काचं लागलं. समाजानं आमचा मान केला म्हणून अण्णा सद्गदित झाले होते.

मी करवली होते, कऱ्हा घेऊन तिच्या मागेच. रीतीप्रमाणे मामा तिला हाताला धरून घेऊन आले. भटजींनी अंतरपाट धरला. अक्कानं खाली, नव्या कोऱ्या फरशीकडे पाहिलं आणि मान न वळवता मला म्हणाली, "जाळी इथंच होती गं."

खरंच तिथंच होती. मलाही ते कळलं आणि हातातला कऱ्हा जड झाला.

मंगलाष्टकं चालू झाली. मामा रडत होते. पोरीचा मामा रडतोच, म्हणून कुणाला त्याचं काही वाटलं नाही. ते वाकून तिच्या कानाशी म्हणाले, "मुली, त्या दिवशी मी पुढचं बोलायला हवं होतं. आता तुला काही सांगायचं असलं तर सांग. मी ऐकतो."

अक्का म्हणाली, "थोरांचा शब्द तोच माझा शब्द, मामा." आणि थांबली.

"बोल," मामा म्हणाले. "बोल की."

ते वाट बघत राहिले. मीही बघत राहिले. तेवढ्यात वाजंत्री वाजली, अक्षता पडल्या आणि अंतरपाट खाली आला.