लाल ट्रॅक्टर आणण्याची माझी तयारी

एका जुन्या ट्रॅक्टरपायी मी जीप विकत घेतली, हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. मला मात्र अजून त्या गोष्टीचा संताप येतो, आणि तो नक्की कुणावर काढायचा हे कळायला जवळजवळ वर्ष गेलं.

आम्ही आयर्लंडमधल्या नावन गावाच्या बाहेर, शेतांना लागून असलेल्या घरांच्या ओळीत राहत होतो. शेजारी एक आयरिश आजोबा एकटेच राहायचे. इथे शिकाऊ लायसन्सवर एकट्याने गाडी चालवता येत नाही, शेजारी कुणीतरी पक्कं लायसन्सवालं बसावं लागतं. माझा नवरा शेजारी बसला की पहिल्याच वळणावर आमचं भांडण. म्हणून आजोबा बसायचे. मी दोनदा नापास झाले, तरी तिसऱ्यांदा पास होईपर्यंत ते दर शनिवारी टोपी घालून दारात हजर. माझ्यावर एकदाही आवाज चढवला नाही. माझ्या सख्ख्या भावालाही हे जमलं नसतं.

२०२० च्या जुलैत, पहिलं लॉकडाउन उठल्यावर, त्यांनी पहिल्यांदा माझ्यापाशी काही बोलून दाखवलं. त्यांच्या वडिलांचा लाल ट्रॅक्टर दीडेक तासावरच्या ॲथलोन गावाच्या पलीकडे पुतण्याच्या शेडमध्ये उभा होता. इकडे आजोबांची नजर मधोमध विरत चालली होती. कडेचं दिसायचं, समोरचं पुसट. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हे वाढत जाणार. आजोबा म्हणाले, "थोडंफार दिसतंय तोवर तो एकदा बघायला मिळाला असता तर बरं झालं असतं."

मी ताबडतोब म्हटलं, "मी आणते तो तुमच्या दारात!"

"अगं, एवढा त्रास कशाला," ते म्हणाले. पण चेहरा खुलला होता.

झालं. त्या रात्री मी एक्सेल उघडलं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं हे असंच. साधा मिक्सर घ्यायचा तरी आधी तुलनेचा तक्ता. मग इथे तर ट्रॅक्टरचं वजन, ट्रेलरचं स्वतःचं वजन, दोन्ही मिळून ओढू शकेल अशी जीप, हुकावर किती भार चालतो, ट्रेलरला चार चाकं की दोन, रॅम्पचा उतार किती. नवरा म्हणाला, "अगं, समोरच्या गुरंवाल्याकडे ट्रेलर आहे. विचार ना त्याला."

"नको. कुणाचे उपकार नकोत. आपलं काम आपण करायचं." आमच्या घरात शेजारून वाटीभर साखर आणायलाही आई पाठवायची नाही. तेच माझ्या अंगात मुरलेलं.

मग सुरू झाली विकणाऱ्यांची वरात. प्रश्न मी विचारायचे आणि उत्तरं नवऱ्याला मिळायची. एक तर नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बाईंना रंग कुठला आवडतो?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "रंग गेला खड्ड्यात, मागच्या आसावर किती वजन पेलतं ते सांगा." ते त्याला माहीतच नव्हतं. दुसऱ्याच्या जीपचा हुक गंजलेला, तिसरीचा क्लच ओढायच्या आधीच दमलेला. ट्रेलरवाल्यांची तऱ्हा याहून वेगळी. सगळं 'ग्रँड', म्हणजे एकदम झकास, आहे म्हणायचे आणि तिथे जाऊन बघावं तर फळ्या कुजलेल्या, ब्रेक नावालाच. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. माझ्या तक्त्यात सतरा रकाने झाले. आजोबा कुंपणापाशी भेटले की विचारायचे, "काही घाई नाही हं, पण कुठवर आलं?" आणि मी शहाण्यासारखी त्यांना हुकावरचा भार समजावून सांगायचे.

अखेर ऑक्टोबरच्या सुरुवातीला जीप आली. आठवड्याने चार चाकांचा ट्रेलरही आला. मी तो हुकाला जोडला, दिवे तपासले, आणि खरं सांगते, छाती दोन इंच फुगली होती. आजोबा हाताने चाचपत ट्रेलरभोवती एक चक्कर मारून आले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुझं लायसन्स साध्या गाडीचंच आहे ना? एवढा ट्रेलर ओढायला वेगळं लागतं."

कप्पाळ माझं! सतरा रकाने, आणि त्यात चालवणारीचा रकानाच नाही. वेगळं शिकाऊ लायसन्स, वेगळे धडे, वेगळी परीक्षा. नवऱ्याचंही लायसन्स माझ्यासारखंच. मी त्याच्यावर ओरडले, "तुला एवढंही कळू नये?" तो बिचारा म्हणाला, "मी कुठे काय बोलतोय." त्याचं ते न बोलणंही मला टोचलं.

मी नाव नोंदवते आहे तोच पुन्हा निर्बंध आले. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही. परीक्षा फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. वडिलांच्या ट्रॅक्टरसाठी झुरणारं म्हातारं माणूस कुठल्याच यादीत बसत नव्हतं. डिसेंबरात जरा मोकळीक मिळाली, जानेवारीत पुन्हा कुलूप. जीप दारात उभी राहून भिजली. तिच्याकडे बघितलं की माझं डोकं सणकायचं. हिवाळाभर मी सरकारला, विकणाऱ्यांना, पावसाला, सगळ्यांना शिव्या घातल्या. आणि शेजारी आजोबांनी आधी पेपर वाचणं सोडलं, मग टीव्ही लावणं, आणि मार्चमध्ये मी कुंपणापाशी उभी असताना ते माझ्या अगदी शेजारून, मी न दिसल्यासारखे पुढे निघून गेले. मी हाक मारली तेव्हा थांबले.

मे महिन्यात रस्ते खुले झाले. नवऱ्याने या वेळी मला विचारलं नाही. सरळ रस्ता ओलांडून समोरच्या गुरंवाल्याकडे गेला. तो माणूस त्याच्यासोबतच आमच्या फाटकात आला आणि म्हणाला, "मागच्या उन्हाळ्यात का नाही बोललात? मी तिकडच्या गुरांच्या बाजारात जातो की. कितीदा तरी रिकामा ट्रेलर घेऊन परत आलोय." मग टोपी मागे सारून तो माझ्याकडे वळला. "आणि फक्त बघायचाच होता, तर म्हातारबाबांना तुझ्या गाडीत घालून न्यायचंस ना."

बघायला मिळाला तर बरं, असंच म्हणाले होते ते. आणा म्हणालेच नव्हते. ऑफिसात मी दिवसभर लोकांना विचारते, तुम्हाला नक्की काय हवंय ते सांगा. या माणसाने नीट सांगितलं होतं आणि मी ऐकलंच नाही. माझी छोटी गाडी, माझं साधं लायसन्स, एवढ्यावर जुलैतल्या कुठल्याही रविवारी काम झालं असतं. एवढे महिने मी जगाला शिव्या घालत होते. लाज वाटली मला.

गुरंवाला शनिवारी सकाळी गेला आणि जेवणाच्या वेळेला ट्रॅक्टर आजोबांच्या अंगणात उतरला. चार पट्टे सोडले, रॅम्प टाकला, मागे ढकलला. बस. आजोबा पुढे झाले. स्टिअरिंग चाचपलं, सीटचं थंड लोखंड चाचपलं, मग वाकून डाव्या मडगार्डवर बोटं फिरवायला लागले. परत परत तिथेच.

"इथे काही आहे का?" त्यांनी मला विचारलं. "मी सहा वर्षांचा असताना वडिलांनी ब्रशने लिहिलं होतं. रंग बोटांना जाणवत नाही."

मी वाकून पाहिलं. पांढरी, जाडजूड, वाकडीतिकडी अक्षरं. फिकी झाली होती, पण एकूण एक शाबूत. त्यांचंच नाव होतं, आणि खाली 'याचा ट्रॅक्टर' असं.

"आहे," मी म्हटलं.

"वाच बरं."

मी वाचलं. त्यांनी मान हलवली आणि अक्षरांवर तळहात ठेवून उभे राहिले. जुलैत नेलं असतं तर ते त्यांनी स्वतः वाचलं असतं.