झाकण उचलले म्हणून

यंदाच्या पितृपक्षात, नवमीच्या सकाळी, कल्याणातल्या आमच्या शाळेने भूगोलाच्या मास्तरांना कामावरून काढले. गुन्हा काय, तर एका मुलाने भाताचे झाकण उचलले. हसू नका. मी त्याच शाळेत खालच्या वर्गाला शिकवतो. हे छापून आल्यावर माझीही पाळी येईल. येऊ द्या.

मास्तरांना तुम्ही पाहिले आहे. धोतर खोचून, बंदरावरच्या चिखलात उभे राहून मुलांना भरती दाखवणारे, ते. वर्गात आले की फळ्यावरून ओला पंचा फिरवायचे, फळा वाळेपर्यंत गप्प उभे राहायचे आणि मग विचारायचे, "पाणी गेलं कुठं?"

"उडालं!" मुले ओरडत.

"उडून कुठं?"

तिथून वाफ, ढग, मलंगगडाला अडलेला पाऊस, ओढे, उल्हास नदी, तिचा गाळ, असे फिरत फिरत तास संपायचा. शेजारच्या वर्गात मुले विलायतेतल्या नद्यांची नावे सुरात घोकत असत. मास्तर मला म्हणायचे, "अरे, डोंगरावरचं रान तोडलं की इथं बंदरात होडी रुतते. हे कळलं तर ती नावं पुढं हवी तेव्हा पाठ करतील."

बाजारातून जाताना वाणी हटकून टोमणा मारी, "काय मास्तर, सापडलं का पाणी?"

"सापडतं हो, थांबत नाही," म्हणत मास्तर पुढे जात.

तर सप्तमीच्या दिवशी त्यांनी वर्गाला सांगितले, "घरी भात शिजताना झाकणाची आतली बाजू बघून या. ढग कसा होतो ते कळेल."

आता यात चूक होती, ते मी नाकारत नाही. मास्तर विधुर. गेली कित्येक वर्षे स्वतःच सोवळे नेसून स्वतःपुरते रांधतात. झाकण उचलायला त्यांना कोणाला विचारावे लागत नाही. सगळ्यांच्या घरी असेच असते, असे धरून चालले बिचारे.

शाळा कमिटीचे अध्यक्ष रावसाहेब. त्यांचा नातू त्याच वर्गात. अष्टमीला त्यांच्याकडे श्राद्ध. पोरगा पारोश्या अंगाने, बाहेरच्या कपड्यांनिशी थेट चुलीशी गेला आणि झाकण उचलून ओरडला, "आजी, बघ गं, ढग! थेंब पडतायत!"

"मेल्या, शिवलास!" आजीने कपाळावर हात मारला.

सगळा स्वयंपाक टाकून पुन्हा चूल मांडली. पानावर बसलेले ब्राह्मण उन्हे कलेपर्यंत ताटकळले.

दुसऱ्या दिवशी मास्तरांना बोलावणे आले. मी दाराशी होतो.

"पोरांना सोवळ्यात शिरायला शिकवता?" रावसाहेब कडाडले.

"शिवायला नाही सांगितलं. बघायला सांगितलं."

"न शिवता झाकण उचलायचं कसं?"

मास्तर खरोखर विचारात पडले. "हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही," म्हणाले. "त्याला थेंब दिसले का पण?"

तेवढ्यावर नोकरी गेली.

सध्या ते आंबिवलीला बहिणीकडे आहेत. मागच्या रविवारी भेटून आलो. माझा संताप त्यांनी ऐकून घेतला, मला ताक दिले. म्हणाले, "रावसाहेबांच्या घरी त्रास झाला रे, खरंच. पण मुलांचा धडा अर्धा राहिला. भरती झाली, ओहोटी राहिली."

हल्ली त्यांच्या तासाला वर्ग रिकामा असतो. मुले ओट्यावर गोट्या खेळतात. दिवाळीची सुटी संपली की कमिटी नवा माणूस नेमणार आहे.

ज्यांची मुले त्या वर्गात आहेत त्यांना सांगतो. घरात बसून हळहळू नका, मला बाजूला घेऊन शाबासकीही देऊ नका. कमिटी बसेल त्या दिवशी शाळेत या, आणि रावसाहेबांच्या समोर उभे राहून तोंडाने म्हणा: आमच्या मुलांना तेच मास्तर परत द्या.