मी जुळवलेली ओळ

आमच्या रत्नागिरीतल्या साप्ताहिकाचा कंपोझिटर छपाईचे खिळे जुळवताना ओळन्‌ओळ पुटपुटायचा. कुणाच्या मजकुरातला स्वल्पविरामही त्याने कधी बदलला नाही. ब्याऐंशी-त्र्याऐंशीत मी तिथे वाक्प्रचारांवर सदर लिहायचो. ‘काय कातकरवाडी केलीय घराची!’ या बोलण्याचा उगम सांगताना मी लिहिलं, ‘हे कातकरी आदिवासी मुळातच अस्वच्छ असतात.’

तिथे त्याचं पुटपुटणं थांबलं.

“गुरुजी, कातकरवाडीत गेलायत काय कधी?”

“नाही.”

“मी जेवलोय तिथं, सारवलेल्या अंगणात. ‘आपण लोक त्यांना अस्वच्छ म्हणत आलो’, असं जुळवू? खरं तेवढंच आहे.”

“तू खिळे जुळव. मराठी मला शिकवू नको.”

त्याने खिळ्यांची पेटी शांतपणे माझ्यापुढे सरकवली. “मग एवढी ओळ तुम्ही जुळवा.”

मी चिडून जुळवायला बसलो. सवय नव्हती, अर्धा तास लागला. एकेका अक्षरापाशी थांबता आलं असतं. नाही थांबलो.

अंक निघाल्यावर एका वाचकाने छापखान्यात येऊन जाब विचारला. “कंपोझिटरची चूक,” मी म्हणालो. कंपोझिटर शेजारीच उभा होता. त्याने माझी ओळ माझ्यावर ढकलली नाही, आणि मीही आजवर ती माझी म्हटली नव्हती.