‘गिव्ह इन’चा अर्थ

ओल्या फडक्याने पुसलेल्या पाटीचा तो थंड, मातकट वास अजून माझ्या नाकात आहे… मार्गशीर्षातलं कोवळं ऊन ओसरीवर उतरलेलं, आत चुलीवर बाबांच्या हातची भाकर करपत असलेली, आणि पाटीवर त्यांच्या वळणदार अक्षरात दोन इंग्रजी शब्द — गिव्ह इन.

बाबा आमच्या अनसिंगात मास्तर होते. वाशीमला राहून थोडं इंग्रजी शिकलेले, आणि ते लेकीलाही आलं पाहिजे हा त्यांचा हट्ट. हट्ट त्यांच्याकडे भरपूर होते. त्या दिवाळीत मामा मायला माहेरी न्यायला दमणी, म्हणजे छोटी बैलगाडी, घेऊन आला, बाबांनी साफ नकार दिला, आणि माय त्यांना न जुमानता दमणीत जाऊन बसली. मला त्यांनी जाऊ दिलं नाही. आमच्याकडे रीत अशी, की रुसून गेलेल्या बाईला नवऱ्याने आणायला जावं. आणि रीत अशीही, की न विचारता गेली तिने आपल्या पायांनी परत यावं. मानोऱ्याकडचं माझं आजोळ पहिली रीत धरून बसलं, बाबा दुसरी.

‘गिव्ह इन’ म्हणजे हट्ट सोडणं, नमतं घेणं, असं बाबा समजावत. शत्रूने नमतं घेतलं, राजाने घेतलं नाही, अशी वाक्यं करून दाखवत. मग माझी पाळी आली. नऊ वर्षांची मी, धीर करून म्हटलं, “बाबा, तुमी मायले आणाले जा. हेच माह्यं वाक्य.”

त्यांनी पाटी पुसली, आत जाऊन भाकर उलटली. मी कवाडाशी बसून राहिले — त्या दिवशी, आणि नंतर कितीतरी दिवस. बैलांची घुंगरं वाजली की मी रस्त्यावर धावायचे. दमणी दुसऱ्याच कुणाची तरी असायची.

माय आली ती थेट माझ्या लग्नाला. कन्यादानाला दोघं जोडीने बसली, हाताला हात लावून पाणी सोडलं, पण एकमेकांशी चकार शब्द काढला नाही. निघताना मी मायला विचारलं, इतकी वर्षं का आली नाहीस?

“त्यायनं एकडाव ‘चाल’ म्हटलं असतं, तं तशीच आली असती वं मी.”

बाबांनाही विचारलं. ते अंगणाकडे बघत म्हणाले, “दारात आली असती, तं मी काय हाकललं असतं तिले?”

आज दोघंही नाहीत. माझ्या संसारात भांडण झालं की आधी मीच बोलते, चूक माझी नसली तरी. हिला मानच नाही, असं घरचे म्हणतात. नसेल. मला नवव्या वर्षी माय हवी होती… आणि ती एका दिवसाच्या वाटेवर, धडधाकट, बोलावण्याची वाट पाहत बसली होती.